गहुलीचे वसंतराव आणि आमची गिरणी

दर वर्षी १ जुलैला, कृषिदिनी, आमच्या पुसद तालुक्यात वसंतराव नाईकांच्या तसबिरीला हार घातला जातो. भाषणे होतात ती संकरित ज्वारीची आणि कृषी विद्यापीठांची. ती योग्यच आहेत. पण माझ्या वडिलांची पिठाची गिरणी आहे, आणि गिरणीवाल्याच्या मुलाला या चरित्रातले दुसरेच पान उघडावेसे वाटते.

वसंतरावांचा जन्म १ जुलै १९१३ रोजी पुसद तालुक्यातील गहुली या गावी, बंजारा कुटुंबात झाला. नागपूरच्या मॉरिस कॉलेजात शिकून ते वकील झाले आणि पुसदला त्यांनी वकिली सुरू केली. १९४१ साली वत्सलाबाई घाटे यांच्याशी त्यांचा आंतरजातीय विवाह झाला. त्या काळी ही साधी गोष्ट नव्हती. १९४६ मध्ये ते पुसदचे नगराध्यक्ष झाले, १९५२ मध्ये आमदार. पुढे सहकार, कृषी, महसूल ही खाती त्यांनी सांभाळली. ५ डिसेंबर १९६३ पासून २० फेब्रुवारी १९७५ पर्यंत ते महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते.

शेतकऱ्याच्या या मुलाने कारखान्यांचाही विचार केला, हे आपण विसरतो. राज्यातले उद्योग मुंबई-ठाणे-पुणे या पट्ट्यात एकवटले होते. ते बाहेर निघावेत म्हणून १९६४ मध्ये त्यांच्या सरकारने मागास भागात उद्योग काढणाऱ्यांसाठी सवलतींची सामूहिक योजना आणली. १९६६ मध्ये भांडवल पुरवण्यासाठी सिकॉम स्थापन झाले. एमआयडीसी १९६२ पासून होतीच. म्हणजे जागा, कर्ज आणि करसवलत या तिन्ही गोष्टी सरकारने पुढे केल्या.

मग आपला जिल्हा मागे का राहिला? १९८४ मध्ये दांडेकर समितीने विदर्भाचा अनुशेष आकड्यांनिशी मांडला, तेव्हा योजनेला वीस वर्षे झाली होती. मला वाटते, करसवलत कर भरणाऱ्याला मिळते, आणि कर भरण्याइतका धंदा ज्याचा आहे त्यालाच ती उपयोगी पडते. यवतमाळचा कापूस जिनिंगमधून निघून गाठींच्या रूपाने बाहेर जातो. त्याचे कापड करण्याचे भांडवल बहुतेक दुसऱ्याच गावी असते. लहान माणसाला सवलतीच्या आधी जामीनदार लागतो.

हे मी पुस्तकात नव्हे, घरी शिकलो. वडिलांना गिरणीशेजारी मिरची कांडपाचे यंत्र बसवायचे होते. सरकारी योजनेतून कर्जाचा अर्ज केला. घराचा नमुना आठ आजोबांच्या नावे होता. तो बदलून आणला, तर यंत्राचे दरपत्रक जुने झाले. तिसऱ्या खेपेला वडिलांनी फाईल कपाटात ठेवली आणि व्याजाने पैसे काढले. यंत्र आले, पण पहिल्या दोन वर्षांच्या मिरचीतले तिखट आमच्या घरी उतरले नाही, ते व्याजात गेले.

१९७८ मध्ये देशभर जिल्हा उद्योग केंद्रे सुरू झाली. मुंबईची खिडकी जिल्ह्याच्या गावी आली, हे मोठे पाऊल होते. तेव्हा वसंतराव वाशीमचे खासदार होते. पुढच्याच वर्षी, १८ ऑगस्ट १९७९ रोजी, सिंगापूरला त्यांचे निधन झाले.

त्यांच्या वकिलीचा विचार मी अनेकदा करतो. पुसदच्या कोर्टात येणाऱ्या पक्षकाराला कायद्याइतकीच कागद वाचून सांगणाऱ्याची गरज असणार. आजच्या गिरणीवाल्याला, शिवणयंत्रवालीला, पापड लाटणाऱ्या बचत गटालाही तीच गरज आहे. खिडकी जिल्ह्यात आली, तरी तिथवर फाईल पोहोचवणारा माणूस तांड्यात आणि गावात हवा.

आपण कला शाखेचे विद्यार्थी. यंत्र आपल्याला दुरुस्त करता येत नाही. पण वाचता-लिहिता येते. यंदा १ जुलैला मी हार घालीन आणि दुपारी शेजारच्या काकूंचा अर्ज लिहायला बसेन. वडिलांची जुनी फाईल नमुन्यासाठी जवळ ठेवली आहे.