विश्लेषण : दीड कोटी गाड्या विकणाऱ्या हेन्री फोर्ड यांना घटती विक्री का दिसली नाही?

२६ मे १९२७ रोजी अमेरिकेतील डेट्रॉईटलगतच्या हायलँड पार्क कारखान्यातून मॉडेल टी ही मोटार बाहेर पडली. त्या मॉडेलची ही दीड कोटी क्रमांकाची गाडी होती. फोर्ड कंपनीचे संस्थापक हेन्री फोर्ड आणि त्यांचा मुलगा एडसेल त्यात बसून निघाले. जगात कोणत्याही कंपनीने तोपर्यंत एकाच मॉडेलच्या इतक्या गाड्या बनवल्या नव्हत्या. तरीही तो दिवस उत्सवापेक्षा निरोपाचाच होता, कारण मॉडेल टी बंद करण्याचा निर्णय झाला होता आणि तिच्या जागी येणारी गाडी अजून तयार नव्हती. पुढचे सहा महिने फोर्डच्या विक्रेत्यांकडे विकायला नवे काही नव्हते. ज्या माणसाने मोटार सामान्यांच्या आवाक्यात आणली, त्याच्यावर ही वेळ कशी आली?

शेतकऱ्याचा मुलगा मोटारीकडे कसा वळला?

हेन्री फोर्ड यांचा जन्म ३० जुलै १८६३ रोजी मिशिगन राज्यात, आजच्या डिअरबॉर्नमधील एका शेतकरी कुटुंबात झाला. शेतीत त्यांचे मन रमले नाही. घड्याळे उघडून पुन्हा जोडण्याचा नाद लहानपणीच लागला होता. सोळाव्या वर्षी त्यांनी डेट्रॉईट गाठले आणि यंत्रशाळेत उमेदवारी सुरू केली. अभियांत्रिकीची पदवी नसतानाही १८९३ पर्यंत ते एडिसन यांच्या नावाच्या वीज कंपनीत मुख्य अभियंता झाले होते.

नोकरी सांभाळून घरामागच्या शेडमध्ये त्यांनी पहिली चारचाकी बनवली. ४ जून १८९६ च्या पहाटे ती तयार झाली, तेव्हा ती शेडच्या दारातून बाहेर निघणार नाही हे लक्षात आले. मग कुऱ्हाड घेऊन भिंतीच्या विटा फोडण्यात आल्या.

त्यांची पहिली मोटार कंपनी १८९९ मध्ये निघाली आणि १९०१ मध्ये गुंडाळली गेली. दुसऱ्या कंपनीतून ते भागीदारांशी न पटल्याने बाहेर पडले. तीच कंपनी पुढे कॅडिलॅक झाली. तिसरी म्हणजे १६ जून १९०३ रोजी स्थापन झालेली फोर्ड मोटर कंपनी. इथेही प्रमुख भागीदार अलेक्झांडर माल्कमसन यांना श्रीमंतांसाठी महागड्या गाड्या हव्या होत्या, तर फोर्ड यांना स्वस्त. १९०६ मध्ये फोर्ड यांनी त्यांचा हिस्सा विकत घेतला. पुढच्या घडामोडींनी फोर्ड यांनाच बरोबर ठरवले आणि पुढील वीस वर्षांतील त्यांच्या हट्टाचे मूळ बहुधा इथेच आहे.

मॉडेल टीमध्ये असे काय होते?

ऑक्टोबर १९०८ मध्ये आलेल्या या गाडीची किंमत साधारण ८२५ ते ८५० डॉलर होती. २.९ लिटरचे चार सिलिंडरचे इंजिन, २० अश्वशक्ती आणि हलके पण मजबूत व्हॅनेडियम पोलाद ही तिची वैशिष्ट्ये. जमिनीपासून उंच असल्याने ती खेड्यातल्या चिखलाच्या रस्त्यांवरही चाले. हातोडी-पान्हा हाताळता येणारा शेतकरी तिची दुरुस्ती स्वतःच करी.

ती चालवणे मात्र आजच्या चालकाला चक्रावून टाकेल. पायाशी तीन पेडल, पण त्यात ॲक्सिलरेटर नाही. तो स्टिअरिंगखालच्या दांड्यावर. पुढे जाण्यासाठी गियर दोनच. इंजिनाला पेट्रोल पुरवायला पंप नव्हता, ते टाकीतून उताराने येई. त्यामुळे टाकीत पेट्रोल कमी असेल तर तीव्र चढावर गाडी रिव्हर्समध्ये चढवावी लागे.

१९१३ मध्ये हायलँड पार्कमध्ये सरकती जोडणी साखळी सुरू झाली. चासी जोडायला आधी साडेबारा तास लागत, ते काम ९३ मिनिटांवर आले. पण दिवसभर एकच बोल्ट पिळण्याला कामगार इतके कंटाळत की त्या वर्षी नोकरी सोडणाऱ्यांचे प्रमाण ३७० टक्क्यांवर गेले. म्हणजे एक जागा भरलेली ठेवायला वर्षात साडेतीनहून अधिक माणसे घ्यावी लागत. त्यावर उपाय म्हणून जानेवारी १९१४ मध्ये फोर्ड यांनी आठ तासांच्या दिवसाला पाच डॉलर देण्याची घोषणा केली. आधीच्या मजुरीच्या हे जवळपास दुप्पट होते. या औदार्याला अटीही होत्या. कामगार दारू पितो का, घर नीट ठेवतो का, हे पाहायला कंपनीचे निरीक्षक घरी येत.

उत्पादन वाढले, खर्च घटला, किंमत उतरली, ग्राहक वाढले. १९२५ मध्ये सर्वांत स्वस्त मॉडेल टी २६० डॉलरला मिळत होती. १९२१ मध्ये अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या मोटारींपैकी निम्म्याहून अधिक फोर्डच्या होत्या.

मग विक्री का घसरू लागली?

घसरणीचे पहिले कारण मॉडेल टीच्या यशातच होते. ज्यांच्याकडे गाडी नव्हती अशांसाठी ती बनवली होती, पण १९२० च्या दशकात बहुतेक ग्राहक दुसरी गाडी घेणारे होते. त्यांना फक्त चारचाकी नको होती, आधीच्या गाडीपेक्षा चांगली चारचाकी हवी होती. ज्याला अगदी स्वस्त काही हवे, त्याच्यासाठी बाजारात जुन्या गाड्या होत्याच. नव्या मॉडेल टीची स्पर्धा अशा प्रकारे जुन्या मॉडेल टीशीच सुरू झाली.

दुसरे कारण जनरल मोटर्स. १९२३ मध्ये अध्यक्ष झालेल्या आल्फ्रेड स्लोन यांनी प्रत्येक खिशासाठी वेगळी गाडी आणि दरवर्षी थोडा बदल, असे धोरण आखले. त्यांची शेव्हरोले फोर्डपेक्षा थोडी महाग होती, पण गियर सोपे, रंग अनेक आणि बंद टपाच्या गाड्या चांगल्या. रस्ते सुधारले तसे लोकांना ऊनपाऊस टाळणाऱ्या बंद गाड्या हव्या झाल्या, पण मॉडेल टीच्या हलक्या सांगाड्यावर जड टप नीट पेलत नसे. १९१४ ते १९२५ या काळात ती फक्त काळ्या रंगात मिळत होती. शेव्हरोलेची सूत्रे १९२४ पासून विल्यम नुडसेन यांच्याकडे होती. ते पूर्वी फोर्डचेच उत्पादनप्रमुख होते, मतभेदांमुळे बाहेर पडले होते.

तिसरे कारण हप्ते. जनरल मोटर्सने १९१९ मध्येच कर्जपुरवठा करणारी कंपनी काढली होती. फोर्ड यांना उधारीचा तिटकारा. त्यांनी १९२३ मध्ये उलटी योजना आणली. ग्राहकाने आठवड्याला पाच डॉलर साठवावेत आणि पूर्ण रक्कम जमल्यावर गाडी न्यावी. समोरचा विक्रेता आजच किल्ली देत असताना वर्षभर थांबणार कोण? योजना बारगळली.

धोक्याची सूचना कुणी दिली नाही का?

दिली, आणि किंमतही मोजली. एडसेल १९१९ पासून कंपनीचे अध्यक्ष होते, पण निर्णय वडिलांचेच असत. त्याच वर्षी हेन्री यांनी इतर भागधारकांचे समभाग विकत घेऊन कंपनी पूर्णपणे कुटुंबाच्या हाती आणली. त्यामुळे संचालक मंडळात प्रश्न विचारणारा कुणी उरला नाही. १९२०-२१ च्या मंदीत तर फोर्ड यांनी न मागवलेल्या गाड्या विक्रेत्यांकडे पाठवून रोख पैसे वसूल केले आणि कंपनी तारली. विक्री घटली की दोष विक्रेत्यांचा, ही त्यांची समजूत त्यातून आणखी पक्की झाली.

जानेवारी १९२६ मध्ये एडसेल यांचे साडू आणि कंपनीतील वरिष्ठ अधिकारी अर्नेस्ट कॅन्झलर यांनी फोर्ड यांना अनेक पानी टिपण दिले. भाषा अत्यंत नम्र होती, पण आशय स्पष्ट होता : ग्राहक दुरावत आहेत, नवी गाडी हवी. त्याच वर्षी कॅन्झलर यांना कंपनी सोडावी लागली. १९२६ संपता संपता बाजारातील फोर्डचा वाटा एक तृतीयांशाच्या आसपास आला होता.

कारखाना सहा महिने बंद का?

फोर्डच्या कारखान्यातील हजारो यंत्रे फक्त मॉडेल टीचे भाग बनवण्यासाठी घडवलेली होती. एखादे यंत्र एकाच मापाचे एकच छिद्र पाडी, तेही अतिशय वेगाने. गाडी स्वस्त होण्याचे गुपित तेच होते आणि गाडी बदलायची म्हटल्यावर अडचणही तीच. यंत्रे मोडीत काढावी लागली किंवा नव्याने घडवावी लागली. उलट नुडसेन यांनी शेव्हरोलेत बहुउपयोगी यंत्रे ठेवली होती. १९२९ च्या मॉडेलसाठी चारऐवजी सहा सिलिंडरचे इंजिन आणताना त्यांना काही आठवडेच पुरले.

त्या उन्हाळ्यात डेट्रॉईटमधील हजारो कामगार विनावेतन घरी बसले. विक्रेत्यांचेही हाल झाले. याच काळात फोर्ड यांना आणखी एका प्रकरणात माघार घ्यावी लागली. त्यांच्या मालकीच्या डिअरबॉर्न इंडिपेंडंट या साप्ताहिकाने अनेक वर्षे ज्यूंविरुद्ध विखारी लेखन छापले होते. अब्रुनुकसानीच्या खटल्यानंतर १९२७ मध्ये त्यांनी जाहीर माफी मागितली.

शेव्हरोलेने त्या वर्षी दहा लाख गाड्यांचा टप्पा गाठून पहिला क्रमांक घेतला. पुढच्या वर्षी, १९२८ मध्ये, जनरल मोटर्सने मुंबईत शिवडी येथे मोटारजोडणी सुरू केली.

मॉडेल ए मुळे संकट टळले का?

२ डिसेंबर १९२७ रोजी मॉडेल ए लोकांसमोर आली आणि दालनांबाहेर गर्दी उसळली. तीन गियर, चारही चाकांना ब्रेक, सुरक्षित काच, रंगांची निवड आणि एडसेल यांच्या नजरेतून उतरलेले देखणे रूप. १९२९ मध्ये फोर्ड पुन्हा पहिल्या क्रमांकावर आली.

पण सवय बदलली नाही. मॉडेल ए सुद्धा वर्षानुवर्षे चालेल असे फोर्ड यांना वाटत होते. महामंदीत १९३१ मध्ये शेव्हरोले पुन्हा पुढे गेली. १९३२ मध्ये फोर्ड यांनी स्वस्त गाडीत व्ही-८ इंजिन देऊन सर्वांना थक्क केले. अभियंता म्हणून त्यांची ही शेवटची मोठी झेप. ब्रेकच्या बाबतीत मात्र ते जुन्यावर अडून बसले. क्रायस्लरच्या प्लिमथमध्ये १९२८ पासून हायड्रॉलिक ब्रेक होते, फोर्डमध्ये ते १९३९ च्या मॉडेलमध्ये आले. त्या दशकात कंपनी जनरल मोटर्स आणि क्रायस्लर यांच्यामागे तिसऱ्या स्थानावर घसरली.

कामगारांशी नातेही बिघडले. ७ मार्च १९३२ रोजी बेरोजगारांचा मोर्चा डिअरबॉर्नच्या कारखान्यावर गेला, तेव्हा पोलीस आणि कंपनीच्या रक्षकांच्या गोळीबारात चौघे जागीच ठार झाले. २६ मे १९३७ रोजी हॅरी बेनेट यांच्या रक्षकांनी कामगार संघटनेच्या नेत्यांना कारखान्याबाहेरच्या पुलावर मारहाण केली. संघटनेशी करार झाला तो १९४१ मध्ये, जनरल मोटर्स आणि क्रायस्लर यांच्यानंतर चार वर्षांनी.

अखेरची वर्षे कशी गेली?

एडसेल यांचे २६ मे १९४३ रोजी पोटाच्या कर्करोगाने निधन झाले. वय अवघे ४९. वडिलांबरोबर दीड कोटी क्रमांकाची गाडी घेऊन निघाल्याला त्या दिवशी बरोबर १६ वर्षे झाली होती. प्रकृती ढासळलेली असूनही ७९ वर्षांचे हेन्री पुन्हा अध्यक्ष झाले, प्रत्यक्षात सूत्रे बेनेट यांच्याकडे गेली. एडसेल यांच्या पत्नी एलिनॉर यांनी आपले समभाग विकण्याचा इशारा दिला. हेन्री यांच्या पत्नी क्लारा यांनीही नातवाची बाजू घेतली. अखेर सप्टेंबर १९४५ मध्ये २८ वर्षांचे हेन्री फोर्ड दुसरे अध्यक्ष झाले. त्यांनी पहिल्याच दिवसांत बेनेट यांना काढले. तेव्हा कंपनी महिन्याला सुमारे एक कोटी डॉलर तोट्यात असल्याचे सांगितले जाते. नातवाने हिशेब लावण्यासाठी हवाई दलातील दहा तरुण अधिकाऱ्यांचा गट घेतला आणि १९४६ मध्ये जनरल मोटर्सच्या मुशीत तयार झालेले अर्नेस्ट ब्रीच यांना आणले.

७ एप्रिल १९४७ च्या रात्री डिअरबॉर्नमधील घरी हेन्री फोर्ड यांचे वयाच्या ८३ व्या वर्षी निधन झाले. नदीला पूर आल्याने घराची वीज गेली होती, खोलीत मेणबत्त्या आणि रॉकेलचे दिवे होते. कंपनीची पूर्णपणे नव्याने रचलेली गाडी जून १९४८ मध्ये बाजारात आली.