सावित्रीबाई फुले : निराधार बाळंतिणींची आई



३ जानेवारी जवळ आली की शाळाशाळांतून सावित्रीबाईंवरची भाषणं सुरू होतात. भिडे वाड्यातली शाळा, अंगावर पडलेलं शेण-चिखल, पिशवीतलं दुसरं लुगडं, एवढं आपल्या चौथीच्या मुलांनाही पाठ असतं. पण सावित्रीबाईंच्या आयुष्यातलं एक मोठं काम भाषणात एका ओळीत उरकलं जातं. बालहत्या प्रतिबंधक गृह! नाव अवघड, विषय नाजूक, म्हणून आपण पुढे सरकतो. या लेखात त्या कामाच्या अंगाने त्यांचं चरित्र पाहू या.

बालपण आणि लग्न

सावित्रीबाईंचा जन्म ३ जानेवारी १८३१ रोजी सातारा जिल्ह्यातील नायगाव इथे झाला. वडील खंडोजी नेवसे पाटील. १८४० मध्ये नवव्या वर्षी त्यांचं लग्न झालं. जोतीराव तेव्हा तेरा वर्षांचे होते. त्या काळात हे वय लहान मानलं जात नव्हतं. पाळण्यातही लग्नं लागत. नवरा कितीही मोठा असला तरी चालायचा, त्यामुळे आठ-दहा वर्षांच्या मुली विधवा व्हायच्या.

सावित्रीबाईंचं वेगळेपण असं, की त्यांच्या वाट्याला शिकवणारा नवरा आला. घरीच अक्षरओळख झाली, पुढे अध्यापनाचं प्रशिक्षण झालं आणि १८४८ मध्ये पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली. शाळेमुळे दोघांना घर सोडावं लागलं, तरी त्यांनी शाळा सोडली नाही. हा भाग आपल्याला माहीत आहेच.

बालविधवा आणि बाळंतपण

आता त्या काळातल्या बालविधवेची अवस्था डोळ्यांसमोर आणा. विशेषतः ब्राह्मण आणि इतर उच्चवर्णीय घरांत तिचं केशवपन व्हायचं, अंगावर आलवण यायचं, सण-समारंभात तोंड दाखवायला बंदी. १८५६ मध्ये विधवाविवाहाचा कायदा झाला होता, पण कायदा कागदावर आणि समाज आपल्या जागी. घरात राबणारी, कुणाचा आधार नसलेली ही पोर. घरातलाच किंवा शेजारचा एखादा पुरुष तिच्यावर जबरदस्ती करायचा, नाहीतर गोड बोलून फसवायचा. दिवस गेले की तो बाजूला व्हायचा आणि सगळं ओझं तिच्यावर.

सुवासिनीला दिवस गेले की घरात डोहाळे पुरवतात, सुईण ठरवतात, ओटी भरतात. हिच्या वाट्याला यातलं काहीच नाही. पोट लपवायचं, भूक लपवायची, उलट्या लपवायच्या. गर्भ पडावा म्हणून कुणी देईल ती जहाल औषधं घ्यायची. त्यात वय कोवळं. तेरा-चौदा वर्षांच्या मुलीच्या कमरेची हाडं पुरती वाढलेली नसतात, अंगात रक्त कमी असतं, बाळंतपण अडून राहण्याचा धोका मोठा असतो. हे आज आपल्याला कोणीही डॉक्टर सांगतील. अशा मुलीला खरं तर जास्त काळजी हवी, पण तिलाच काही मिळत नव्हतं. मग आत्महत्या, काशी-पंढरपूरला नेऊन सोडणं, नाहीतर जन्मलेल्या बाळाचा गळा दाबणं एवढेच रस्ते उरायचे.

काशीबाईचा खटला

पुण्यात नेमकं असंच घडलं. काशीबाई नावाची एक तरुण ब्राह्मण विधवा जोतीरावांचे मित्र सदाशिव बल्लाळ गोवंडे यांच्याकडे स्वयंपाकाचं काम करत होती. शेजारच्या एका शास्त्र्यापासून तिला दिवस गेले. गर्भपाताचे प्रयत्न फसले. मुलगा झाला. अब्रूच्या भीतीने तिने त्याला मारून विहिरीत टाकलं. प्रकरण कोर्टात गेलं आणि तिला अंदमानच्या काळ्या पाण्याची जन्मठेप झाली. शिक्षा भोगली ती एकट्या तिने.

पुणं काही दिवस चर्चा करून गप्प बसलं. फुले दांपत्याला मात्र राहवलं नाही. १८६३ मध्ये त्यांनी आपल्याच जागेत अशा बायकांसाठी घर उघडलं. सावित्रीबाई तेव्हा बत्तीस वर्षांच्या होत्या.

घराचे नियम

नुसतं घर उघडून भागत नाही, ज्यांच्यासाठी उघडलं त्यांना कळलं पाहिजे. म्हणून ब्राह्मणवस्तीच्या कोपऱ्याकोपऱ्यावर छापील जाहिराती चिकटवल्या गेल्या. त्यांचा आशय असा, की विधवांनी इथे येऊन गुपचूप आणि सुरक्षित बाळंत व्हावं, मूल सोबत न्यायचं की इथे ठेवायचं हे त्यांनी ठरवावं, ठेवलेल्या मुलाचा सांभाळ हे घर करील.

या आशयात काय काय आहे ते बघा. गुप्तता आहे, सुरक्षितता आहे आणि निर्णय त्या बाईच्या हातात आहे. आज परिचारिकांच्या प्रशिक्षणात हेच मुद्दे शिकवतात. फुल्यांच्या घरात ते दीडशे वर्षांपूर्वी पाळले गेले.

जाहिरात जोतीरावांनी काढली तरी येणाऱ्या बाईला आत घेणं, तिला धीर देणं, तिचं बाळंतपण आणि मागची उठबस, नंतर पोरक्या बाळांना सांभाळणं हे काम सावित्रीबाईंचं होतं. त्यांना स्वतःचं मूल नव्हतं. त्यावरून लोक बोलायचे, जोतीरावांनी दुसरं लग्न करावं असा आग्रहही झाला. अशा बाईने दुसऱ्यांची बाळंतपणं काढली, तीही ज्यांच्या सावलीला लोक उभे राहत नव्हते त्यांची. आणि ज्या समाजाने त्यांच्यावर शेण फेकलं होतं, त्याच समाजातल्या या मुली होत्या. पण सावित्रीबाईंनी तो हिशेब कधी मांडला नाही.

मन हेलावणारा आकडा

१८८४ मध्ये सरकारला पाठवलेल्या टिपणात जोतीरावांनी या घराची माहिती दिली आहे. तोपर्यंत ३५ विधवा तिथे बाळंत झाल्या होत्या. त्या मुलांपैकी जिवंत होती फक्त ५. बाकीची का गेली, तेही त्यांनी लिहिलं आहे. गर्भ लपवण्यासाठी आयांनी आधी घेतलेल्या विषारी औषधांनी पोटातच बाळांना इजा झाली होती.

भाषणात आपण हा आकडा सांगत नाही, कारण तो यशाचा वाटत नाही. मला मात्र सावित्रीबाईंचं मोठेपण इथेच दिसतं. बाळं हातात येत होती आणि जात होती, तरी दार बंद झालं नाही. बाळ गेलं तरी आई वाचत होती, आणि ती खुनाच्या खटल्यात उभी राहत नव्हती. दुसरी गोष्टही या आकड्यातून कळते. शेवटच्या दिवसांतली सेवा कितीही चांगली असली तरी ती उशिरा पोचते. भीतीपोटी लपवलेले आधीचे महिने बाळाचा जीव घेतात. म्हणून आधी भीती घालवायला हवी.

यशवंत

१८७४ च्या सुमारास आणखी एक काशीबाई फुल्यांच्या घरी आली. नाव तेच, बाई वेगळी. तीही फसवली गेलेली विधवा. ती जीव द्यायला निघाली होती, जोतीरावांनी तिला घरी आणलं. तिचा मुलगा सावित्रीबाईंनी दत्तक घेतला. तोच यशवंत. विधवेचा मुलगा म्हणून त्याला मुलगी द्यायला कोणी तयार होईना. शेवटी ग्यानोबा ससाणे यांनी आपली मुलगी दिली आणि १८८९ मध्ये सत्यशोधक पद्धतीने लग्न झालं.

यशवंत डॉक्टर झाला. १८९७ मध्ये पुण्यात प्लेग आला तेव्हा सावित्रीबाईंनी त्याला बोलावून घेतलं. हडपसरजवळ ससाण्यांच्या माळावर रुग्णांसाठी दवाखाना सुरू झाला. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला सावित्रीबाईंनी पाठीवर घेऊन दवाखान्यात आणलं. त्यांना स्वतःला लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचं निधन झालं. ज्या बाळाला जन्माआधीच समाजाने नाकारलं होतं, ते शेकडोंच्या उपयोगी पडलं.

आपण काय करू शकतो?

तिसरी-चौथीच्या वर्गात यशवंतची गोष्ट सांगा, तेवढी पुरे. सातवी-आठवीत मात्र बालविवाह आणि त्याचे शरीरावर होणारे परिणाम स्पष्ट शब्दांत सांगायला हरकत नाही. आज मुलीचं लग्नाचं कायदेशीर वय १८ आहे, तरी दिवाळीनंतर वर्गातली एखादी मुलगी परत येत नाही. ऊसतोड, गरिबी, काळजी, कारणं बरीच असतात. अशी मुलगी गैरहजर दिसली की घरी जाऊन चौकशी करा. गरज वाटली तर १०९८ या चाइल्डलाइन क्रमांकावर कळवा. आणि एखादी मुलगी आधीच संकटात असेल तर तिला प्रश्न विचारून घाबरवू नका. आशाताई, आरोग्य केंद्र यांच्यापर्यंत तिला लवकर पोचवा आणि तिचं नाव वर्गात, गावात फिरू देऊ नका.

पालकांनाही एक विनंती. कोणतीही चूक झाली, कोणी त्रास दिला, तरी आपल्या घराचं दार उघडं आहे, हे मुलीला आधीच सांगून ठेवा.

वर्गात चर्चेसाठी प्रश्न (इ. ७ वी व ८ वी)

१) जाहिराती कोपऱ्याकोपऱ्यावर लावण्याची गरज का पडली असेल?
२) मूल ठेवायचं की न्यायचं हे आईने ठरवावं, असा नियम का केला असेल?
३) कमी वयात लग्न झाल्यास मुलीच्या आरोग्यावर कोणते परिणाम होतात?