स्कीइंग शिकणाऱ्याला आधी थांबायला शिकवणारा हान्नेस श्नायडर, ज्याला नाझींनी तुरुंगात टाकलं

गुलमर्ग असो, औली असो, नाहीतर मनालीजवळचं सोलंग. हिवाळ्यात महाराष्ट्रातून तिकडे फिरायला गेलेला माणूस पहिल्यांदा पायात स्की चढवतो, तेव्हा त्याला एकच घाई असते. उतारावरून सुसाट खाली जायची.

पण चांगला प्रशिक्षक त्याला आधी वेगळंच काहीतरी करायला लावतो. दोन्ही स्कीची पुढची टोकं जवळ आणायची, मागची टोकं लांब फाकवायची आणि गुडघे थोडे वाकवायचे. वरून पाहिलं तर पिझ्झाच्या तुकड्यासारखा आकार दिसतो. याला म्हणतात स्नोप्लाऊ. स्कीच्या आतल्या कडा बर्फात रुततात आणि वेग कमी होतो. मागची टोकं जितकी जास्त फाकवाल, तितका ब्रेक जोरात लागतो.

आधी ब्रेक, मग वेग. आज ही गोष्ट साधी वाटते. पण नवख्या माणसाला याच क्रमाने शिकवायचं, ही पद्धत जगभर पोहोचवण्यात सगळ्यात मोठा वाटा ऑस्ट्रियातल्या एका खेडेगावातल्या पोराचा आहे. त्याचं नाव हान्नेस श्नायडर.

२४ जून १८९० रोजी स्टुबेन नावाच्या गावात त्याचा जन्म झाला. आर्लबर्गच्या डोंगरातलं हे छोटंसं गाव. हिवाळ्यात घरांच्या खिडक्यांपर्यंत बर्फ साचायचा. वडील डोंगरातल्या रस्त्याची देखभाल करायचे. त्या काळात आल्प्समध्ये स्की ही नवलाईची गोष्ट होती. नॉर्वेतून आलेलं हे वेड हळूहळू पसरत होतं. ब्रेगेन्झ शहरातले व्हिक्टर सोम हे स्कीइंगचे जाणकार या भागात यायचे. त्यांना बघून लहानग्या हान्नेसलाही नाद लागला आणि पुढे सोम यांनीच त्याला शिकवलं.

या पोराने इतकी प्रगती केली की १९०७ मध्ये, वयाच्या अवघ्या १७ व्या वर्षी, त्याला नोकरीची ऑफर आली. शेजारच्या सेंट अँटोन गावात हॉटेल पोस्ट नावाचं हॉटेल होतं. गावात रेल्वे येत असल्याने पर्यटकही यायचे. हॉटेलचे मालक कार्ल शूलर यांना पाहुण्यांना स्की शिकवणारा माणूस हवा होता. हान्नेस तिथे रुजू झाला.

इथे त्याच्यासमोर खरा प्रश्न उभा राहिला. हॉटेलात येणारे पाहुणे म्हणजे शहरातली माणसं. कुणी व्यापारी, कुणी डॉक्टर. यातल्या अनेकांनी आयुष्यात कधी पायात स्की घातलेली नसायची. त्यांना आठवडाभरात डोंगर उतरवायचा कसा?

त्यावेळचं सामान धोक्याचं होतं. आजच्या स्कीवरचं बाइंडिंग, म्हणजे बूट अडकवायचा भाग, जोरात पडल्यावर आपोआप सुटतो आणि पाय मोकळा होतो. तेव्हा ही सोय नव्हती. बूट पट्ट्यांनी स्कीला बांधलेला असायचा. माणूस एका दिशेला पडायचा, लांबलचक लाकडी स्की दुसऱ्या दिशेला वळायची आणि मधल्या मध्ये पाय पिरगळायचा. घोटा नाहीतर नडगीचं हाड मोडणं ही काही दुर्मिळ गोष्ट नव्हती. त्यामुळे पडण्याआधी वेग कमी करता येणं, हाच नवख्या माणसाचा खरा बचाव होता.

नॉर्वेची टेलिमार्क पद्धत होती. त्यात एक पाय पुढे, दुसरा गुडघा वाकवलेला आणि अंग बरंचसं सरळ ठेवून वळायचं. मथियास झ्डार्स्की या ऑस्ट्रियातल्या जाणकाराने १८९० च्या दशकात आल्प्सच्या तीव्र उतारांसाठी वेगळी पद्धत बसवली होती. त्यात हातात एकच लांब काठी असायची आणि स्की फाकवून वळायचं असायचं. म्हणजे स्की फाकवून वेग आवरायची युक्ती श्नायडरची स्वतःची नव्हती.

त्याने काय केलं, तर या युक्त्यांची पायऱ्यापायऱ्यांची शिडी बांधली.

पहिली पायरी सपाट बर्फावर चालायची आणि चढ चढायची. मग छोट्याशा उतारावरून सरळ घसरायचं. मग स्नोप्लाऊ, म्हणजे थांबणं. ते जमलं की स्नोप्लाऊमध्येच एका पायावर जास्त भार द्यायचा. उजव्या स्कीवर भार टाकला की माणूस डावीकडे वळतो, डावीवर टाकला की उजवीकडे. त्यापुढे एकच स्की फाकवून वळायचं, आणि सगळ्यात शेवटी दोन्ही स्की जवळ आणत वेगात वळण घ्यायचं. या सगळ्यात अंग खाली झुकवून भार पुढे ठेवायचा. घाबरलेला माणूस मागे रेलतो, आणि मागे रेललं की स्कीवरचा ताबा सुटतो. म्हणून श्नायडरचा भर झुकण्यावर होता. हीच पद्धत पुढे आर्लबर्ग टेक्निक म्हणून ओळखली गेली.

पहिल्या महायुद्धात त्याने ऑस्ट्रियाच्या सैनिकांना स्की शिकवलं. इथे मोठ्या तुकड्यांना थोड्या वेळात तयार करायचं होतं. एकेकट्याला शिकवण्यापेक्षा गटाने कसं शिकवायचं, याचा अनुभव त्याला तिथे मिळाला.

युद्धानंतर १९२० च्या दशकात सेंट अँटोनमध्ये त्याची स्की शाळा नावारूपाला आली. विद्यार्थ्यांचे तयारीनुसार वर्ग पाडलेले असायचे. सगळे प्रशिक्षक एकाच क्रमाने, एकच गोष्ट शिकवायचे. खालच्या वर्गातलं जमल्याशिवाय वरच्या वर्गात पाठवलं जात नसे, मग पाहुणा कितीही श्रीमंत असो. त्यामुळे झेपणार नाही अशा उतारावर नवखा माणूस जाऊन पडायचा धोका कमी झाला.

याच काळात त्याला सिनेमानेही प्रसिद्धी दिली. दिग्दर्शक आर्नोल्ड फांक यांच्यासोबत त्याने स्कीइंगवरचे चित्रपट केले. १९३१ च्या एका चित्रपटात त्याने चक्क स्की शिक्षकाची भूमिका केली. त्याच चित्रपटात हॅम्बर्गचे दोन सुतार पुस्तक वाचून स्की शिकायला बघतात आणि त्यांची जी फजिती होते, त्यावर प्रेक्षक पोट धरून हसले. १९२८ मध्ये ब्रिटनच्या आर्नोल्ड लन यांच्यासोबत त्याने आर्लबर्ग-कंदहार ही शर्यत सुरू केली. १९३० मध्ये जपानने त्याला शिकवायला बोलावलं. १९३६ मध्ये तर अमेरिकेत बोस्टन आणि न्यूयॉर्कच्या बंदिस्त सभागृहांत बर्फाचा कृत्रिम उतार उभारून त्याची प्रात्यक्षिकं झाली.

सगळं सुरळीत चाललं होतं. आणि मार्च १९३८ उजाडला.

हिटलरच्या फौजा ऑस्ट्रियात शिरल्या. श्नायडर नाझींच्या विरोधात आहे, हे गावात सगळ्यांना माहीत होतं. सेंट अँटोनचं पर्यटन उभं करणारे रुडॉल्फ गोम्पर्झ हे ज्यू वंशाचे होते आणि श्नायडरचे जवळचे सहकारी होते. फौजा येताच श्नायडरला अटक झाली आणि लांडेकच्या तुरुंगात टाकण्यात आलं. आयुष्यभर उभी केलेली शाळा हातून गेली. निषेध म्हणून लन यांनी त्या वर्षीची शर्यतच रद्द केली.

काही आठवड्यांनी तुरुंगातून सुटका झाली, पण घरी जायची परवानगी नव्हती. जर्मनीतल्या गार्मिश-पार्टेनकिर्शेन इथे एका वकिलाच्या देखरेखीखाली त्याला राहावं लागलं.

त्याची सुटका झाली ती अमेरिकेतून. आणि त्यामागे स्कीइंगच्याच एका अपघाताची गोष्ट आहे.

अमेरिकेच्या न्यू हॅम्पशायर राज्यात कॅरल रीड नावाच्या माणसाला १९३४ मध्ये स्कीइंग करताना पाठीला गंभीर दुखापत झाली. नीट शिकवणारं कुणी असतं तर असे अपघात टळतील, असं त्याच्या डोक्यात बसलं. बरा झाल्यावर त्याने शाळा काढली आणि १९३६ मध्ये श्नायडरचाच एक प्रशिक्षक, बेनो रिबिझ्का, तिथे शिकवायला आला. पुढे ही शाळा हार्वे गिब्सन यांच्याकडे गेली. गिब्सन हे जवळच्याच नॉर्थ कॉनवे गावचे आणि न्यूयॉर्कमधल्या एका मोठ्या बँकेचे प्रमुख होते. जर्मनीच्या कर्जाच्या वाटाघाटींमध्ये त्यांचा शब्द चालायचा. आपलं हे वजन त्यांनी श्नायडरसाठी वापरलं.

फेब्रुवारी १९३९ मध्ये श्नायडर कुटुंबासह रेल्वेने नॉर्थ कॉनवेला उतरला. गावातल्या मुलांनी स्कीच्या काठ्या उंच धरून कमान केली होती. त्या कमानीखालून तो गावात गेला.

गोम्पर्झ यांच्या नशिबी मात्र सुटका नव्हती. १९४२ मध्ये मिन्स्कजवळच्या माली त्रोस्तिनेट्स इथे नाझींनी त्यांची हत्या केली.

अठ्ठेचाळीस वर्षांचा श्नायडर नव्या देशात पुन्हा शून्यापासून सुरुवात करत होता. तिथल्या क्रॅनमोर डोंगरावर त्याने काय केलं? झाडं आणि खोडं काढून उतार रुंद करून घेतले. जंगलातल्या अरुंद वाटेवर नवख्या माणसाला स्नोप्लाऊ करायला आणि वळायला जागाच मिळत नाही. समोर झाड आलं की संपलं. उतार रुंद असेल तर चुकायलाही जागा मिळते आणि थांबायलाही.

दुसऱ्या महायुद्धात त्याचा मुलगा हर्बर्ट अमेरिकेच्या दहाव्या माउंटन डिव्हिजनमधून इटलीत लढला. जो देश वडिलांना सोडून यावं लागलं होतं, तो ज्यांनी गिळला, त्यांच्याच विरोधात.

२६ एप्रिल १९५५ रोजी नॉर्थ कॉनवेमध्ये हान्नेस श्नायडरचं निधन झालं. त्यानंतर सामान बदललं, बाइंडिंग आपोआप सुटायला लागलं, डोक्यावर हेल्मेट आलं. शिकवायच्या पद्धतीही बऱ्याच बदलल्या. स्की आखूड झाल्या, तो अंग झुकवण्याचा आग्रहही मागे पडला.

पण गुलमर्गच्या छोट्या उतारावर पहिल्या दिवशी उभ्या राहिलेल्या माणसाला आजही आधी तोच पिझ्झाचा तुकडा करायला लावतात. थांबता यायला लागलं की मगच त्याला वर नेतात.