जॉन बॉइड डनलॉप

शाळेच्या आवारांत सायकली ओळीनें उभ्या असतात. एखादे वेळीं फटाका उडाल्यासारखा आवाज होतो आणि कोणा विद्यार्थ्याचा चेहरा उतरतो. त्याची ट्यूब फुटलेली असते. चाकांत हवा कोंडण्याची युक्ति ज्यांनीं व्यवहारांत आणिली, त्यांचें चरित्र येथें थोडक्यांत सांगण्याचें योजिलें आहे. ट्यूब कां फुटते याचें उत्तरही त्या चरित्रांतच सांपडतें.

जॉन बॉइड डनलॉप यांचा जन्म ता. ५ फेब्रुवारी १८४० रोजीं स्कॉटलंडांतील ड्रेगहॉर्न या गांवीं एका शेतकऱ्याच्या घरीं झाला. एडिंबरो येथें त्यांनीं पशुवैद्यकाचा अभ्यास केला, तेथेंच कांहीं वर्षें धंदा केला, आणि १८६७ सालीं ते आयर्लंडांत गेले. पुढें बेलफास्ट शहरांत त्यांचा चांगला जम बसला. वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षापर्यंत घोडेगुरांच्या मालकांखेरीज त्यांचें नांव फारसें कोणास ठाऊक नव्हतें.

त्या काळीं सायकलींच्या चाकांस भरीव रबराची पट्टी असे. बेलफास्टचे रस्ते दगडी चिऱ्यांनीं बांधलेले होते. डनलॉप यांचा लहान मुलगा जॉनी आपल्या तीनचाकी सायकलीवर बसे, तेव्हां त्याचें अंग खिळखिळें होऊन जाई. मुलाचें हें दुःख पाहून बाप विचार करूं लागला. १८८७ सालीं त्यांनीं एक लांकडी चकती घेतली, पातळ रबराची नळी करून तिच्या कडेवर बसविली, वरून तागाचें कापड घट्ट ओढून खिळ्यांनीं ठोकलें, आणि फुटबॉलच्या पंपानें आंत हवा भरली. मग ही चकती व जुनें चाक अशीं दोन्हीं त्यांनीं अंगणांत लोटून पाहिलीं. जुनें चाक अर्ध्यावरच आडवें झालें. हवेची चकती मात्र अंगण ओलांडून पलीकडे जाऊन आदळली. १८८८ च्या आरंभीं जॉनीच्या सायकलीस असे टायर चढले, आणि रात्र झाली होती तरी तो मुलगा लागलीच त्यावर फिरून आला. त्याच वर्षीं डनलॉप यांस पेटंट मिळालें.

लोक प्रथम हंसले. परंतु ता. १८ मे १८८९ रोजीं बेलफास्ट येथील शर्यतींत विली ह्यूम नांवाचा स्वार हे जाड टायर लावून उतरला व जिंकला, तेव्हां हंसणारे गप्प झाले. डब्लिनचे व्यापारी हार्वे ड्यू क्रॉस यांनीं कंपनी उभारली आणि डनलॉप यांनीं आपले हक्क तिच्या स्वाधीन केले.

येथवर सर्व सुखाचें होतें. पण १८९० सालीं एक विलक्षण गोष्ट उघडकीस आली. रॉबर्ट विल्यम टॉमसन या दुसऱ्या एका स्कॉच गृहस्थानें हवेच्या टायरचें पेटंट १८४५ सालींच घेतलें होतें! त्या वेळीं पायानें चालविण्याची सायकल नव्हती व पातळ रबरही दुर्मिळ होतें. म्हणून ती कल्पना विस्मृतींत पडली होती. डनलॉप यांस तिची वार्ताही नव्हती. पण कायद्यानें पहिला तो पहिलाच. डनलॉप यांचें पेटंट रद्द ठरलें.

कंपनी तरली ती दुसऱ्यांच्या शोधांवर. डनलॉप यांचा टायर चाकास चिकटविलेला असे. एक कांटा रुतला तर सारें सोलून काढावें लागे. १८९० सालीं वेल्च यांनीं टायरच्या दोन्ही कडांत तार घालण्याची, व बार्टलेट यांनीं रिमच्या खोबणींत अडकणाऱ्या कडेची युक्ति काढली. ते हक्क कंपनीनें विकत घेतले. आपल्या सायकलींचे तारेचे टायर वेल्च यांच्याच वंशांतले होत.

आतां विद्यार्थ्यांनीं मूळ तत्त्वाकडे लक्ष द्यावें. रबराची नळी हवा धरून ठेविते; पण त्या हवेचा दाब सोसतें तें वरचें कापड. डनलॉप यांनीं तागाचें कापड घातलें तें याचसाठीं. टायरच्या कडेखालीं ट्यूब चिमटली, तर ती कड आपल्या जागीं नीट बसत नाहीं. हवा भरतांच ट्यूबचा तेवढा भाग बाहेर फुगतो आणि फुटतो. म्हणून टायर बसवितांना ट्यूबेंत थोडी हवा भरावी, म्हणजे तिला घडी पडत नाहीं. व्हॉल्व्हच्या समोरच्या बाजूनें आरंभ करून व्हॉल्व्हपाशीं शेवट करावा. तार ताणत नाहीं; म्हणून बसलेली कड रिमच्या मधल्या खोलगट भागांत दाबावी, म्हणजे राहिलेली कड हातानेंच चढते; लोखंडी पट्टीनें जोर केल्यास ट्यूब कापली जाते. मग व्हॉल्व्ह एकदां आंत ढकलून पाहावा, दोन्ही बाजूंनीं चाक फिरवून ट्यूब कोठें डोकावत नाहीं ना हें तपासावें, आणि मगच पुरी हवा भरावी. या तपासणीस दोन मिनिटें लागतात. ती टाळणाऱ्यास पुष्कळदां घरापर्यंत सायकल हातीं धरून चालावें लागतें.

डनलॉप यांनीं १८९५ सालीं कंपनी सोडली. दुसऱ्याच वर्षीं ती तीस लक्ष पौंडांस विकली गेली. त्या संपत्तीचा वांटा त्यांस लाभला नाहीं. पुढें ते डब्लिन येथें साधेपणानें राहिले व ता. २३ ऑक्टोबर १९२१ रोजीं, एक्यायशीव्या वर्षानंतर, तेथेंच वारले.

पहिला मान टॉमसन यांचा, आणि धन बहुतेक इतरांचें. मग डनलॉप यांचें काय उरलें? टॉमसन यांची कल्पना चाळीस वर्षें कागदांत पडून होती. डनलॉप यांनीं ती पुन्हां स्वतः शोधिली आणि मुलाच्या सायकलीस बसवून दाखविली. जॉनीचे हादरे थांबविण्यासाठीं केलेला तो खटाटोप पुढें साऱ्या जगाच्या उपयोगी पडला. आईबापांनो, घरांतील मूल कशानें त्रासतें इकडे पाहात चला. आणि मुलांनो, पुढच्या खेपेस टायर चढवितांना कड एकदां नीट तपासा.