गॅरी पॉवर्स : आकाशातून दोनदा कोसळलेला वैमानिक

शीतयुद्धाच्या काळात जगभर गाजलेले अमेरिकन वैमानिक फ्रान्सिस गॅरी पॉवर्स यांचा जन्म १७ ऑगस्ट १९२९ रोजी केंटकी राज्यातील जेंकिन्स येथे खाणकामगाराच्या कुटुंबात झाला. १९५० मध्ये ते हवाई दलात दाखल झाले आणि १९५६ पासून सीआयए या गुप्तचर संस्थेसाठी यू-२ टेहळणी विमान चालवू लागले.

१ मे १९६० रोजी पेशावरहून निघालेले त्यांचे विमान सोव्हिएत क्षेपणास्त्राने स्वर्दलोव्हस्कजवळ पाडले. पॉवर्स हवाई छत्रीमुळे बचावले आणि पकडले गेले. हवामान संशोधनाचे विमान भरकटल्याचा अमेरिकेचा दावा त्यामुळे खोटा ठरला. पॅरिस शिखर परिषदही फिसकटली. मॉस्कोतील न्यायालयाने त्यांना १० वर्षांची शिक्षा सुनावली. १० फेब्रुवारी १९६२ रोजी बर्लिनच्या सीमेवरील ग्लिनिके पुलावर सोव्हिएत हेर रुडॉल्फ आबेल यांच्या बदल्यात त्यांची सुटका झाली. जिवंत परतल्याबद्दल मायदेशी मात्र त्यांना टीका सोसावी लागली.

लॉकहीड कंपनीतील चाचणी वैमानिकाच्या नोकरीनंतर ते लॉस एंजेलिसमधील दूरचित्रवाणी केंद्राचे हेलिकॉप्टर चालवू लागले. १ ऑगस्ट १९७७ रोजी सांता बार्बरा परिसरातील वणव्याचे चित्रीकरण करून परतताना इंधन संपून इंजिन बंद पडले. अशा वेळी खालून येणाऱ्या हवेच्या जोरावर पाती फिरती ठेवून हेलिकॉप्टर उतरवता येते. परंतु तो प्रयत्न साधला नाही तर बचावाची दुसरी संधी नसते. एन्सिनो येथे हेलिकॉप्टर कोसळून पॉवर्स आणि त्यांचे कॅमेरामन सहकारी मृत्युमुखी पडले.

आर्लिंग्टन येथील राष्ट्रीय दफनभूमीत त्यांचे दफन झाले. कैदेतील निष्ठेबद्दल २०१२ मध्ये त्यांना मरणोत्तर ‘सिल्व्हर स्टार’ हे शौर्यपदक देण्यात आले.