यंत्रशिल्पी जेम्स वॅट

वाफेच्या यंत्राचा विषय निघाला की, जेम्स वॅट ह्याचे नाव आणि किटलीच्या झाकणाची गोष्ट मुलांच्या ओठी येते. परंतु आपल्या यांत्रिक कृतींपैकी ज्या एकीचा त्याला सर्वाधिक अभिमान वाटे, ती केवळ तीन दांड्यांची जुळणी होती, हे फार थोड्यांस ठाऊक असते.

वॅटचा जन्म १७३६ साली स्कॉटलंडमधील ग्रीनॉक ह्या बंदरगावी झाला. प्रकृती नाजूक, पण वडिलांच्या कार्यशाळेत हत्यारांवर त्याचा हात बसला. लंडनला एक वर्ष उपकरणे घडविण्याची विद्या शिकून तो ग्लासगोस आला. सात वर्षांची उमेदवारी झाली नाही, म्हणून तेथील कारागीर-संघाने त्याच्या धंद्यास आडकाठी केली. तेव्हा १७५७ साली विद्यापीठाने त्याला आपल्या आवारात जागा दिली. तेथेच न्यूकोमेनच्या यंत्राची प्रतिकृती दुरुस्त करण्याचे काम त्याच्याकडे आले आणि त्या चिंतनातून १७६५ साली वाफ निराळ्या पात्रात थंड करण्याची युक्ती त्याला सुचली. १७७५ साली मॅथ्यू बोल्टन ह्याच्याशी त्याची भागीदारी झाली.

पुढे दट्ट्यास दोन्ही बाजूंनी वाफेचा जोर देणारे यंत्र त्याने योजिले, आणि नवी अडचण उभी राहिली. पूर्वी दट्ट्या व वरची तुळई साखळीने जोडीत; पण साखळी ओढते, ढकलीत नाही. ताठ दांडा जोडावा, तर तुळईचे टोक कमानीत फिरते, आणि दांडा तर सरळ वरखाली जावयास हवा.

१७८४ साली वॅटने तोड काढली. सारख्या लांबीच्या दोन दांड्या समोरासमोरच्या स्थिर खिळ्यांवर फिरत्या ठेवून त्यांची मोकळी टोके त्याने तिसऱ्या आखूड दांडीने सांधली. एक टोक डावीकडे सरकले की दुसरे उजवीकडे सरकते. म्हणून आखूड दांडीचा मध्यबिंदू जवळजवळ सरळ रेषेत चालतो. पुठ्ठ्याच्या तीन पट्ट्या व टाचण्या घेऊन मुलांनी हे अवश्य करून पाहावे. पूर्णतः सरळ रेषा देणारी जुळणी फ्रान्समधील पोसेलिये ह्याने १८६४ साली दाखविली. तथापि यंत्राच्या कामास वॅटची जुळणी पुरेशी होती.

१८०० साली व्यवसायातून निवृत्त झाल्यावरही वॅट घराच्या माळ्यावरील कार्यशाळेत रमत असे. १८१९ साली, वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी, तो निवर्तला.

उमेदवारीच्या नियमाने ज्याला अडविले, त्याला हाताच्या कसबाने व भूमितीच्या ज्ञानाने तारले. ही दोन्ही एकत्र नांदली पाहिजेत. आपल्या घरी एखादे मूल मोडके घड्याळ उघडून बसले, तर वडीलधाऱ्यांनी रागे भरण्यापूर्वी वॅटचे स्मरण करावे, आणि त्याच्या हाती भूमितीचे पुस्तकही द्यावे.