मुक्तांगणच्या मॅडम

पुणे-नाशिक रस्त्याने नारायणगाव सोडलं की आळेफाट्याच्या आधी पिंपळवंडी लागतं. ते माझं गाव. द्राक्षं, टोमॅटो, ऊस, कुकडीचं पाणी, तसं सगळं बरं चाललेलं. पण कधी आमच्याकडे आलात तर रस्त्याकडेच्या भिंती जरा वाचत या. नकळत दारू सोडवा, असं रंगवलेलं दिसेल आणि खाली मोबाईल नंबर. पुडी आमटीत मिसळायची, माणसाला पत्ताच लागू द्यायचा नाही! लहानपणी मला ही आयडिया जाम भारी वाटायची.

आमच्या आळीतल्या एका काकांना अशी पुडी दिली होती. असल्या पुडीत काय असेल ते देणाऱ्यालाही माहीत नसतं. त्यात डायसल्फिरामसारखं औषध असलं आणि वरून माणूस दारू प्यायला, तर छाती धडधडते, रक्तदाब खाली जातो, जिवावर बेतू शकतं. काकांना त्या रात्री जीपमध्ये घालून दवाखान्यात न्यावं लागलं. वाचले बिचारे. दारू सुटली नाही, बायकोच्या हातच्या जेवणावरचा विश्वास मात्र सुटला.

पुढे इंजिनिअरिंगला आलो. एकदा लायब्ररीत डॉ. अनिल अवचटांचं ‘मुक्तांगणची गोष्ट’ हाती लागलं. घेतलं ते अवचट आमच्या शेजारच्या ओतूरचे म्हणून, पण वाचता वाचता लक्ष गेलं त्यांच्या बायकोकडे. डॉ. अनिता अवचट. नवऱ्याच्या लिखाणात त्या सुनंदा म्हणून भेटतात. ओतूरच्या अवचटांच्या सूनबाई म्हणजे आपल्या जुन्नर तालुक्याच्याही सूनबाईच की! त्यांना जाऊन आता जवळजवळ तीस वर्षं होतील. आज त्यांच्याबद्दलच लिहायचं आहे.

दोघांची गाठ पुण्याच्या बी. जे. मेडिकलमध्ये पडली. दोघे डॉक्टर झाले, पण अनिलरावांनी डॉक्टरकी सोडून लिहायचं आणि चळवळीत फिरायचं ठरवलं. मग घर चालवायचं कोणी? अनिताताईंनी. त्या मानसोपचाराकडे वळल्या आणि येरवड्याच्या सरकारी मनोरुग्णालयात नोकरी करू लागल्या. मुक्ता आणि यशोदा या दोन मुली. आज आपण अवचटांची पुस्तकं वाचतो, त्यांच्यामागे या बाईंचा महिन्याचा पगार उभा होता, हे अवचटांनी स्वतःच मोकळेपणाने सांगितलं आहे. आपल्याकडे असं सांगणारे नवरेही कमीच म्हणा.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईत आणि मग पुण्यात ब्राऊन शुगर आली. पोरं तिला गर्द म्हणायची. सिगरेटमधून सुरुवात, मग पन्नीवर. मिळाली नाही की टर्की लागायची, म्हणजे नाकाडोळ्यांतून पाणी, हाडं मोडल्यासारखी दुखायची, जुलाब, रात्र रात्र झोप नाही. चांगल्या घरातली पोरं घरातली भांडी विकायला लागली. अवचटांनी या सगळ्यावर लेखमाला लिहिली. ती वाचून पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई हादरून गेले. पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानतर्फे एक लाख रुपये द्यायची त्यांनी तयारी दाखवली. पैसे आले, पण केंद्र चालवणार कोण? पुन्हा अनिताताई. मनोरुग्णालयाच्याच आवारात जागा मिळाली आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी पु. लं.च्या हस्ते मुक्तांगण सुरू झालं.

आता खरी गंमत इथे आहे. मानसोपचाराचं शिक्षण आहे, सरकारी हॉस्पिटलचा अनुभव आहे, तर एखादा डॉक्टर काय करेल? वॉर्ड काढेल, राऊंड घेईल, गोळ्या लिहील. ते तर मॅडमनी केलंच. (मुक्तांगणात त्यांना सगळे मॅडमच म्हणायचे.) पहिल्या काही दिवसांत डॉक्टर लागतोच. गर्दच्या टर्कीत माणूस तळमळतो. दारूचं तर त्याहून अवघड, रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम थांबवली तर फिट येऊ शकते, भ्रम होतो, वेळेवर औषध नसेल तर मृत्यूही येतो. तेव्हा तिथे नुसती माया कामाची नाही.

पण शरीर शांत झालं की पुढे काय? समोर बसलेला डॉक्टर कधी प्यायलेला नाही, हे पेशंटला पक्कं ठाऊक असतं. तो डॉक्टरला आरामात गुंडाळतो. आपण नाही का सबमिशनला सरांना गुंडाळत! पण दहा वर्षं गर्द ओढून बाहेर पडलेल्या माणसाला तो कसा गुंडाळणार? त्याला सगळ्या थापा पाठ असतात, कारण त्यानेच त्या मारलेल्या असतात. शिवाय हा माणूस सुटला, मग मीही सुटू शकतो, ही आशा नुसत्या त्याच्या तिथे असण्यातून मिळते. ती प्रिस्क्रिप्शनवर लिहून देता येत नाही.

मॅडमनी हे ओळखलं आणि बऱ्या झालेल्या पेशंटांनाच कामाला घेतलं. कोणी वॉर्ड सांभाळायला लागला, कोणी गटात बोलायला, कोणी समुपदेशन शिकायला. ज्यांना घरातले कपाटाच्या किल्ल्या दाखवत नव्हते, त्यांच्यावर जबाबदाऱ्या टाकल्या. पाच आठवड्यांच्या मुक्कामात गटचर्चा, योगासनं, साफसफाई, वैयक्तिक समुपदेशन, सगळं आलं. इथे पेशंटला रुग्णमित्र म्हणायची पद्धत पडली, हा शब्द मला फार आवडला.

ही कल्पना जगात नवी नव्हती. अमेरिकेत १९३५ साली बिल विल्सन हा शेअरदलाल आणि बॉब स्मिथ हा सर्जन, दोघेही पक्के दारुडे, एकमेकांच्या आधाराने सुटले आणि त्यातून अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस उभी राहिली. तिथे मात्र सगळी भिस्त एकमेकांवर, उपचार करणारे डॉक्टर वेगळे. पुढे १९५०च्या दशकात मिनेसोटा राज्यातल्या विलमरच्या सरकारी मनोरुग्णालयात दारू सोडलेल्या माणसांना डॉक्टर आणि मानसशास्त्रज्ञांच्या बरोबरीने समुपदेशक म्हणून नेमलं. त्यासाठी १९५४मध्ये तिथल्या सरकारने पदवीची अट नसलेलं पदच तयार केलं. तिथेही मनोरुग्णालय, इथेही मनोरुग्णालय, योगायोग बघा.

दोन गोष्टी एकत्र आणणं ऐकायला सोपं वाटतं, पण यात धोका मोठा. काल सुटलेला कार्यकर्ता उद्या पुन्हा घेऊ शकतो. त्याला तिकडे स्लिप म्हणतात. अशा वेळी त्याला हाकलून द्यायचं की पुन्हा पेशंट म्हणून उपचारात घ्यायचं? व्यसन हा आजार मानला तर उत्तर एकच उरतं, पण ते रोज पाळायला मोठी छाती लागते. दुसरीकडे अनुभवी कार्यकर्त्यालाही वाटू शकतं, की मी जसा सुटलो तसेच सगळे सुटणार. समोरच्याला नैराश्य आहे की स्किझोफ्रेनिया, हे त्याला कसं कळणार? तिथे मॅडमचं शिक्षण कामाला यायचं. मॅडमबद्दल बोलताना बहुतेक लोक त्यांना आई करून टाकतात. मायाळू तर त्या होत्याच. पण मला वाटतं, त्यात त्यांच्यातली पक्की मानसोपचारतज्ज्ञ झाकली जाते.

बायकांचंही तसंच. नवरा सुटून घरी आला तरी बायको त्याच्या तोंडाचा वास घेते, खिसे तपासते. तिचं काय चुकलं? वर्षानुवर्षं फसवणूक सोसलेली असते. मुक्तांगणात अशा बायकांचा ‘सहचरी’ हा गट आहे. एकीचं दुःख दुसरीला न सांगता कळतं, हे तत्त्व इथेही तेच.

आणि फॉलोअप. कंट्रोल सिस्टिम्समध्ये आपण ओपन लूप आणि क्लोज्ड लूप शिकतो ना, अगदी तसं. पाच आठवडे उपचार करून माणूस एसटीत बसवून दिला आणि विषय संपला, तर तो ओपन लूप. गावात तोच पार, तेच मित्र, तीच यात्रा. फॉलोअपच्या बैठकीला जुने-नवे एकत्र बसतात, समुपदेशकही असतो. कोण डळमळतोय ते तिथे आधी कळतं.

हे सगळं उभं राहत असताना मॅडमना कॅन्सर झाला. उपचार चालू, काम चालू. मरणाशी झुंजणारी बाई आपल्यासाठी वेळ काढतेय, हे बघून त्या पोरांना काय वाटत असेल! फेब्रुवारी १९९७मध्ये मॅडम गेल्या. मुक्तांगण सुरू होऊन अकरा वर्षंही झाली नव्हती.

संस्था बंद पडली असती तर कोणाला नवल वाटलं नसतं. एका माणसाच्या बळावर चाललेल्या कितीतरी संस्था तशाच मिटतात. पण बरे झालेले कार्यकर्ते तयार होते आणि थोरली मुलगी मुक्ता पुणतांबेकर मानसशास्त्र शिकून कामात आली होती. मुक्तांगणची येरवड्यातच स्वतःची इमारत झाली. २००९मध्ये व्यसनी स्त्रियांसाठी ‘निशिगंध’ हा विभाग निघाला. अनिल अवचट जानेवारी २०२२मध्ये गेले. मॅडमच्या नावाने दर वर्षी संघर्ष सन्मान पुरस्कार दिला जातो.

आमच्या आळीतल्या काकांचं सांगायचं राहिलं. पुडीनंतर काही वर्षांनी ते स्वतःहून व्यसनमुक्तीसाठी पुण्याला गेले. परत आल्यावर पहिल्याच यात्रेत प्यायले, दुसऱ्यांदा गेले. आता सुटून चार वर्षं झाली. मागच्या दिवाळीत घरी गेलो तर सकाळी सातच्या गाडीला उभे होते. बरोबर वाडीवरचा एक पोरगा, हातात पिशवी, डोळे सुजलेले, घरचं कोणी नाही. काकांनी त्याचं तिकीटही काढलं.